मैत्रीचं कामकाज

जून महिना लागला की महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतून एक फोन फिरू लागतो. "यंदा येतेस का गं आमच्यात?" फोन करणारी असते इनरव्हील क्लबची एखादी जुनी सभासद. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. वर्गणी गोळा करणं, नवी कार्यकारिणी बसवणं, गळालेल्यांच्या जागी नव्या बायका शोधणं, सगळी धांदल याच दिवसांतली. पलीकडची बाई बहुधा चाळिशी-पन्नाशीतली असते. मुलं शिकायला पुण्याला गेलेली, सासूबाईंचं दुखणंखुपणं चालू, दुपार मात्र अचानक मोकळी झालेली. ती तीन गोष्टी विचारते. पैसे किती? वेळ किती? आणि करता काय तुम्ही तिथं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच मिळतात. तिसऱ्याला "तू ये तर खरी" एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचं उत्तर वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर दिसतं: एकसारख्या साड्या नेसलेल्या बारा-पंधरा जणी, मागे फलक, मध्ये शिलाई यंत्र किंवा वह्यांचा गठ्ठा. या फोटोवरून त्या कामाविषयी मत बनवणारे पुष्कळ भेटतात. मराठवाड्यातल्या, ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी या बायकांच्या सभांना बसले, त्यांच्याबरोबर शाळांत आणि वस्त्यांवर गेले. त्यानंतर मला ठामपणे म्हणावंसं वाटतं की त्या फोटोत या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतच नाही.

मुळात ही संघटना जन्मली मँचेस्टरमध्ये. मार्गारेट गोल्डिंग ही वेल्समधल्या हे-ऑन-वाय या छोट्या गावची मुलगी, शिक्षणाने परिचारिका. पुढे तिने परिचारिकांच्या गणवेशांचा आणि साहित्याचा व्यवसाय उभा केला. तिचे पती रोटरी क्लबचे सदस्य. पहिल्या महायुद्धाच्या काळात रोटरी सदस्यांच्या बायका मदतकार्यात उतरल्या होत्या. युद्ध संपलं, तरी एकत्र काम करण्याची त्यांना लागलेली गोडी संपली नाही. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी गोल्डिंगबाईंनी एक बैठक बोलावली आणि सत्तावीस जणी जमल्या. दुसरी सोयीची जागा मिळेना म्हणून ती बैठक भरली एका टर्किश बाथच्या, म्हणजे सार्वजनिक वाफस्नानगृहाच्या खोलीत. १० जानेवारी १९२४ला पहिली अधिकृत सभा झाली. ही तारीख आजही जगभर इनरव्हील दिन म्हणून पाळली जाते. नावही तेव्हाच ठरलं. रोटरीचं बोधचिन्ह चाक आणि त्या चाकाच्या आतलं छोटं चाक या बायकांचं. भारतात पहिला क्लब १९५५ साली अहमदाबादला निघाला. आज ही संघटना शंभराहून अधिक देशांत पसरली आहे आणि सभासदांच्या संख्येत भारत सर्वांत पुढे आहे.

पण ते 'आतलं चाक' जरा सलतंच. सभासद व्हायचं तर रोटरी सदस्याची बायको किंवा जवळची नातलग असायला हवं, अशी अट दीर्घकाळ होती. म्हणजे दाराशी आधी नवऱ्याची ओळख सांगायची आणि मग आत जायचं. अमेरिकेत झोन्टा १९१९ साली आणि सोरॉप्टिमिस्ट १९२१ साली स्थापन झाल्या. त्या संघटना नोकरी-व्यवसाय करणाऱ्या बायकांनी स्वतःच्या कर्तबगारीवर उभ्या केल्या होत्या. खुद्द रोटरीत बायकांना प्रवेश मिळायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७चा निकाल यावा लागला आणि १९८९मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. इनरव्हीलची अटही अलीकडच्या वर्षांत सैल झाली. आता क्लबने निमंत्रण दिलेली, रोटरीशी काहीही नातं नसलेली बाईही सभासद होऊ शकते. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे, परंतु तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ मोठा. तिथे रोटरीत असणार डॉक्टर, वकील, कापडाचे आणि खतांचे व्यापारी. त्यांच्या घरांबाहेरची अंगणवाडी पर्यवेक्षिका, बँकेतली रोखपाल, एकटीने ब्युटी पार्लर चालवणारी बाई, या आता त्याच सतरंजीवर येऊन बसू लागल्या आहेत.

सतरंजीवरून आपल्याकडच्या एका जुन्या जाजमाची आठवण होणं अपरिहार्य आहे. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८५२ साली महिला सेवा मंडळ काढलं आणि तिळगुळाच्या समारंभाचं निमंत्रण दिलं. त्यात त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं की कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल. हळदीकुंकू ही बायकांना घराबाहेर पडायची सर्वमान्य सबब. तीच धरून त्यांनी जातीच्या भिंतीला हात घातला. मँचेस्टरच्या त्या बैठकीच्या सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणून, "या क्लबांचं खूळ विलायतेतून आलं" असं कुणी म्हणालं की मला ते मान्य होत नाही. घटना, पदं, गळ्यातली पट्टी हे विलायतेतून आलं असेल. बायकांनी जमावं, जमून कुणाच्या तरी उपयोगी पडावं आणि त्या जमण्यातच एकमेकींच्या व्हावं, ही आस इथल्या मातीतली आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या बैठकांना जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. पती न्यायमूर्ती रानडे यांचा पूर्ण पाठिंबा असूनही घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांना किती सोसावा लागला, हे त्यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात नोंदवलं आहे. शिकण्यापायी आणि सभांना जाण्यापायी माजघरात मिळणारी वागणूक त्यांनी आदळआपट न करता लिहून ठेवली, म्हणूनच ती जास्त लागते. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्यानंतर याच बाईंनी १९०९मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे येणाऱ्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, लिहायला शिकू पाहणाऱ्या प्रौढ बायका होत्या. सेवासदनाने बायकांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवलं, तेव्हा पांढरपेशा घरांत केवढा गहजब झाला असेल! परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणं हे त्या काळी भल्या घरच्या बाईचं काम मानलं जात नव्हतं. रमाबाई रानडे वारल्या त्या १९२४ साली, म्हणजे मँचेस्टरच्या परिचारिकेचा क्लब सुरू झाला त्याच वर्षी. या दोघींना एकमेकींची माहिती असण्याचं कारण नाही. पण घराबाहेर पडलेल्या बाईला टिकून राहायचं तर सोबतिणी लागतात, हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

आता त्या तालुक्याच्या गावाकडे वळू.

सभा भरते दुपारी साडेतीनला. दुकानावरचे जेवून गेलेले असतात, चहाला अजून वेळ असतो, मधला हा तुकडा बायकांच्या मालकीचा. जागा म्हणजे एका सभासदाच्या घरची वरच्या मजल्यावरची खोली. सुरुवातीला प्रार्थना होते, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जातं. त्या दिवशी ते वाचायचं होतं नव्या सहसचिवाला. ही किराणा-भुसाराच्या मोठ्या दुकानाच्या घरातली थोरली सून. बारावीनंतर लग्न झालेलं, बावीस जणांचं एकत्र कुटुंब, हिशेबात तल्लख. इतिवृत्ताची वही तिने छातीशी धरली होती. दोन ओळी वाचल्या आणि आवाज घशातच अडकला. तिच्याकडे कुणी रोखून पाहिलं नाही. शेजारी बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आपल्या चष्म्याची काच पुसत बसल्या. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि पूर्ण वाचलं. "सूचक कोण?" "मी." "अनुमोदक?" "मी." इतिवृत्त कायम झालं.

सभा आटोपल्यावर जिना उतरताना ती मला म्हणाली, "घरात मी दिवसभर बोलते. पण मी बोलतेय आणि सगळे गप्प बसून ऐकतायत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं."

सभासद होणं म्हणजे काय, याचं मला मिळालेलं हे सर्वांत नेमकं उत्तर. या क्लबांमधला कारभार बाहेरच्याला कंटाळवाणा वाटतो. विषयपत्रिका, ठराव, गणपूर्ती, दोन वेगळी बँक खाती: वर्गणीचा पैसा कारभाराच्या खात्यात आणि देणग्यांचा कामाच्या खात्यात, एकाचा दुसऱ्यात मिसळायचा नाही. अध्यक्षपद साधारण वर्षभराचं, त्यामुळे दर जुलैला नवी अध्यक्षा, नवी सचिव, नवी खजिनदार. दरवर्षी पाटी कोरी होते आणि हाती घेतलेलं काम अर्ध्यात राहतं, हा या पद्धतीचा तोटा उघड आहे. पण याच पद्धतीमुळे दहा वर्षांत गावातल्या दहा बायका सभा चालवायला, धनादेशावर सही करायला, तहसील कार्यालयात जाऊन अर्जाची पोच मागायला शिकतात. त्या भुसार दुकानाच्या घरात लाखोंची उलाढाल होते. तरी धनादेशावर सही करायचा तिचा पहिला प्रसंग क्लबच्या खात्यावरचा. पुढे त्यांतल्या काही बायका पतसंस्थेच्या संचालक मंडळावर जातात, काही शाळा व्यवस्थापन समितीत. संघटना राजकारणापासून आणि धर्मभेदापासून दूर राहण्याचा नियम पाळते. पण सार्वजनिक जीवनात वावरायचं बळ मिळतं ते या दुपारच्या सभांतूनच.

उणिवा आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. वर्गणी, जिल्ह्याचा वाटा, पदग्रहणाची साडी, अधिवेशनाला जाण्या-येण्याचा खर्च हे सगळं मिळून होणारी रक्कम मध्यमवर्गाला झेपते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती झेपत नाही. त्यामुळे ती या खोलीत लाभार्थी म्हणून येते, सभासद म्हणून नाही. हे मला फार खटकतं. सावित्रीबाईंच्या जाजमाचा वारसा सांगायचा असेल तर या प्रश्नाला भिडावं लागेल. काही ठिकाणी सधन सभासद दुसरीची वर्गणी गुपचूप भरतात. ती चांगुलपणाची गोष्ट झाली, नियमाची नाही. दुसरी उणीव फलकाची. काम तासाभराचं आणि फोटो दोन तास, असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. शिलाई यंत्र दिलं, पण पुढे सहा महिन्यांनी ते चालतंय का, सुईदोऱ्याला पैसे आहेत का, शिवायला कापड मिळतंय का, हे विचारायला कुणी गेलं नाही, असंही झालेलं आहे. सेवा एका दिवसात उरकते तेव्हा तिच्यात मैत्रीला जागाच नसते. आणि मैत्री नसली की परत जाण्याचं कारण उरत नाही.

परत जाण्याचं कारण कसं तयार होतं, ते या क्लबच्या लसीकरणाच्या कामात दिसलं.

भारतातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या खालोखाल क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. तो होतो मुख्यतः एचपीव्ही या विषाणूमुळे आणि त्यावर प्रतिबंधक लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२३ साली बाजारात आणली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस दिले जातात. खासगी दवाखान्यात लागणारे पैसे मजुराच्या आवाक्याबाहेरचे. क्लबच्या स्त्रीरोगतज्ज्ञ सभासदाने विषय मांडला, देणगीदार मिळाला, जिल्हा परिषदेच्या शाळा ठरल्या. इथवर सगळं सुरळीत. मग आयांची सभा झाली आणि अर्ध्याहून अधिक संमतिपत्रं कोरी परत आली.

कारण कळायला वेळ लागला नाही. "पिशवीची सुई हाय म्हनं," एक आई म्हणाली. "माजी पिशवी तर काढलीच, आता लेकराच्याबी पिशवीला हात लावायचा का?"

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याच्या बातम्या २०१९मध्ये देशभर गाजल्या. राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली. फडावर सुट्टी म्हणजे खाडा आणि खाड्याला दंड. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, जड मोळ्या, आडोसा नाही, पाणी नाही. अशा जगण्यात 'पिशवी काढून टाका, त्रास मिटेल' हा सल्ला ज्यांना तिशीतच मिळाला, त्यांनी पांढऱ्या कोटातल्या माणसावर आणि इस्त्रीच्या साडीतल्या बाईवर विश्वास का ठेवावा? त्यांची भीती अडाणीपणातून आलेली नव्हती, अनुभवातून आलेली होती.

क्लबने शिबिराची तारीख पुढे ढकलली. माझ्या मते या सगळ्या कामातला हाच सर्वांत मोठा निर्णय. अध्यक्षांचं वर्ष पुढे सरकत होतं, अहवालात आकडा हवा होता, तरीही ढकलली. मग सभासद दोघी-दोघींनी वस्तीवर जाऊ लागल्या. साड्या रोजच्या, फलक नाही. निवृत्त मुख्याध्यापिकांचा इथे फार उपयोग झाला, कारण निम्म्या आया त्यांच्याच विद्यार्थिनी. "बाई, तुमच्या नातीला दिली का ही सुई?" असं एकीने विचारलं. बाईंनी नातीचं लसीकरणाचं कार्ड पिशवीतून काढून दाखवलं. डॉक्टर सभासद ओट्यावर बसून, कोळशाने फरशीवर आकृती काढून सांगत होत्या: सुई दंडाला, पिशवीला काही होत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही. सांगणं कमी आणि ऐकणं जास्त. आया आपापल्या ऑपरेशनच्या कहाण्या सांगत. काहींच्या कंबरदुखीवर, काहींच्या रक्तक्षयावर उपचार सुरू झाले. गावची आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, बरोबर असायच्या. पावसाळ्याच्या मध्यावर शिबिर झालं तेव्हा संमतिपत्रांवर अंगठे आणि सह्या होत्या, आणि पुष्कळशा आया स्वतः मुलीचा हात धरून आल्या होत्या.

शिबिराची सकाळ वर्णन करण्यासारखी काहीच नाही. दोन ते आठ अंश तापमान राखणारी शीतपेटी, बर्फाचे पॅक, रांग, दंडावर कापसाचा बोळा, नंतर अर्धा तास वर्गात बसवून ठेवणं, एक मुलगी घाबरून रडली तर तिच्याबरोबर तिच्या तीन मैत्रिणी रडल्या. रजिस्टरवर नाव, वय, आईचं नाव, फोन, दुसऱ्या डोसची तारीख. रजिस्टर लिहायला ती भुसार दुकानाची सून होती. अक्षर मोत्यासारखं.

खरी कसोटी पुढे होती. दुसऱ्या डोसची तारीख फेब्रुवारीतली. दसरा-दिवाळी झाली की या वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कोयते, टोळीने निघतात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात. परततात उन्हाळ्यात. ज्या मुलींना घरी आजीजवळ ठेवलेलं असतं त्यांचा प्रश्न नव्हता. आईबापांबरोबर गेलेल्या मुली कोणत्या कारखान्याच्या थळावर, म्हणजे मुक्कामाच्या जागी, कोणत्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतील, हे शाळेलाही नीट माहीत नव्हतं.

कागदी उपाय 'परत आल्यावर देऊ' असा होता. उशिरा दिला तरी दुसरा डोस वाया जात नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंही. पण परतल्यावर मुलगी शाळेत येईलच याची खात्री कुणाला? ज्या पट्ट्यात मुलींची लग्नं लवकर उरकली जातात, तिथे दोन-चार महिन्यांत काहीही होऊ शकतं. सभेत यावर बरीच चर्चा झाली. शेवटी सुनेनेच रजिस्टर पुढे ओढलं आणि म्हणाली, "मुकादमाचा नंबर तर असेल ना कुणाकडे? आमच्या दुकानात उधारी असते त्यांची."

उधारीच्या वहीतून नंबर निघाले. तिने स्वतः फोन केले, दुकानाच्या मागच्या खोलीतून, दुपारच्या वेळेत. पहिल्या मुकादमाला वाटलं, वसुलीचा फोन. "उधारीचं नंतर बघू दादा, तुमच्या टोळीतल्या दोन पोरींचं काम आहे. कारखाना कोणता तुमचा?" त्याने कारखान्याचं नाव सांगितलं, गट सांगितला, "पोरींला सुई द्यायला माणूस पाठवनार हायसा का इथं?" असं अविश्वासाने विचारलं. तिने हो म्हटलं, तेव्हा माणूस ठरलेला नव्हता.

तो ठरला मैत्रिणींमुळे. इनरव्हीलचे क्लब जिल्ह्यांत बांधलेले असतात, अधिवेशनांत बायका एकमेकींना भेटतात, फोन नंबर घेतात, लग्नपत्रिका पाठवतात. बाहेरच्यांना ही अधिवेशनं म्हणजे सहल वाटते. पण मुख्याध्यापिकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन गावांच्या क्लबांत फोन लावले, तेव्हा पलीकडे ओळखीचे आवाज होते. "अगं, तुझ्या गावाजवळच्या कारखान्यावर आमच्या मुली आहेत," एवढ्यावर काम झालं. ना पत्र, ना ठराव. एका गावात तिथल्या सभासदांनी बालरोगतज्ज्ञाला गाडीत घालून थळावर नेलं. ऊस तोडून टोळी परतेपर्यंत अंधार पडला होता, म्हणून गाडीच्या दिव्याच्या उजेडात कार्ड तपासून डोस दिला. दुसऱ्या गावात मुली आधीच दुसऱ्या गटात हलल्या होत्या. तिथल्या बायका पुन्हा रविवारी गेल्या. कार्डांचे फोटो मोबाइलवरून मराठवाड्यात आले आणि सुनेने ते रजिस्टरमध्ये एकेक करून चढवले.

सगळ्या मुली सापडल्या नाहीत. काही कर्नाटकात गेल्या होत्या, मुकादमांचे नंबर बदलले होते. जुलैमध्ये पदग्रहण झालं, नव्या अध्यक्षांनी पट्टी गळ्यात घातली. पहिल्याच सभेच्या विषयपत्रिकेत नव्या उपक्रमांच्या आधी त्या राहिलेल्या मुलींची नावं होती. दोघी शाळेत परतल्या होत्या, त्यांचा डोस ठरला. तिसरीचा अजून पत्ता नव्हता. तिच्या आजीकडे कोण जाणार, असं अध्यक्षांनी विचारलं. दोन हात वर झाले. त्यातला एक हात त्याच महिन्यात सभासद झालेल्या अंगणवाडी पर्यवेक्षिकेचा होता. तिची ही पहिलीच सभा.